‘घरगुती’ म्हणजे काय हो?



मुगाच्या सांडग्यांवर लिहिलं होतं तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी फोन करून सांगितलं, ‘काकू, अगदी घरगुती चव आठवली.’ बरं वाटलं. पापड घरगुती, मसाला घरगुती, तूप घरगुती म्हटलं की चार पैसे जास्त द्यायला माणसं तयार असतात. आमच्या सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर एका दुकानाच्या पाटीवर हा शब्द दुकानाच्या नावापेक्षाही मोठा लिहिलाय. पण याच शब्दाने मला एकदा चार महिने मुकाट्याने बसवलं होतं. आज त्याबद्दल लिहायचं आहे. खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, धीर होत नव्हता.

झालं असं. महावीर जयंतीसाठी त्रिशलामातेची सोळा स्वप्नं रंगवून देते, असं मी आपणहून म्हटलं. साठी उलटल्यावर अंगात आलं म्हणा. मांजरपाट आणला, धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून घेतला. एकेक फुटाचे सोळा चौकोन पेन्सिलीने आखले. हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, दोन माळा, चंद्र, सूर्य, मत्स्ययुगल, दोन कलश... असं करत दहा स्वप्नं पुरी झाली. ही माझी चार महिन्यांची दुपार होती. सिंह जरा बिघडला होता, ते मलाही कळत होतं. नातू म्हणाला, ‘आजी, माऊ छान आहे.’ पण कमळाचं सरोवर मात्र मला स्वतःलाच आवडलं होतं. तामिळनाडूत सित्तनवासलला आपलं जुनं गुहामंदिर आहे, त्याच्या छतावर नवव्या शतकातलं कमळतळं रंगवलेलं आहे. त्यात मासे आहेत, हत्ती आहेत, कमळं खुडणारी माणसं आहेत. त्याचा फोटो मोबाईलवर मोठा करून करून मी ती पानं काढली होती.

कार्यक्रमाच्या आयोजकांपैकी एक जण बघायला आले. चांगला मुलगा आहे, मनात काही नव्हतं त्याच्या. कापड उलगडून पाहिलं आणि म्हणाला, ‘छान आहे काकू, पण जरा घरगुती वाटतं. स्टेजला शोभणार नाही. आपण फ्लेक्स करून घेऊ.’ दोन दिवसांत फ्लेक्स छापून आला. त्यातला सिंह कुठल्या तरी सिनेमाच्या जाहिरातीतला असावा, इतका चिडलेला होता. मी कापडाची गुंडाळी केली आणि माळ्यावर मोठ्या पातेल्यांच्या मागे ढकलून दिली. आमचे हे काही बोलले नाहीत. मीही नाही. चार महिने रंगांच्या डबीला हात लावला नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? एक फ्लेक्स लागला, एक कापड राहिलं. जयंती तर छान झाली ना? झालीच. पण मला त्या मुलाच्या शब्दाचं दुःख झालंच नव्हतं. दुःख याचं झालं की तो बोलला आणि मला हायसं वाटलं. बरं झालं, सुटले! आता लोकांसमोर लावायला नको, कुणी हसायला नको. माझ्या मनात जे दहा चौकोनभर चाललेलं होतं, की ‘मेली तू कसली चित्रकार’, तेच त्याने नकळत मोठ्याने म्हटलं होतं.

मी शिरोळ तालुक्यातली. कोल्हापूर जवळ. ज्या कोल्हापूरला लोक कलापूर म्हणतात, जिथे आबालाल रहमान झाले, बाबूराव पेंटर झाले. शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही सरकारी चित्रकला परीक्षा दिल्या होत्या. पुढे काय, असं विचारलं तेव्हा घरात एकच वाक्य होतं, चित्रं काढून पोट भरतं का? आणि मुलीला तर पोट भरायचंही नव्हतं, सासरी जायचं होतं. मग बी.कॉम. झाले. मला त्याचा राग नाही, हिशेब मला आवडतो. आजही मंडळाच्या भिशीची वही माझ्याकडेच असते आणि त्यात एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. पण रांगोळी काढताना हात जसा आपोआप वळायचा तसा तो खतावणीत कधी वळला नाही. लग्न होऊन मुंबईला आले, पुढे मीरा रोडला. इथे आलो तेव्हा रात्री बेडकांचा आवाज यायचा. आता बाल्कनीतून मेट्रोचा पूल दिसतो. मधल्या सगळ्या वर्षांत मी काय काढलं? दारापुढची रांगोळी, विधानाच्या वेळी मांडल्याला मदत, मुलांच्या जर्नलमधल्या आकृत्या, आणि किराण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला वेली. ते मात्र कधी थांबलं नाही. बँकेत रांगेत उभी असले तरी स्लिपच्या कोपऱ्यात एक मोर उमटायचाच.

मला वाटतं आपल्या पुष्कळ जणींचं असंच असतं. कुणी गाते, फक्त ओट्यापाशी. कुणी चार ओळी जुळवते आणि डाळीच्या डब्याखाली ठेवते. करायची ओढ असते आणि दाखवायची लाज असते, दोन्ही एकाच पोटात. आणि या लाजेला आपण फार चांगलं नाव दिलेलं असतं. विनय.

आता मी आपल्या दोन मराठी बायकांबद्दल लिहिते. तुम्हाला त्या ठाऊकच आहेत, पण त्यांची गोष्ट आपल्याला जशी सांगितली जाते ती मला अर्धवट वाटते.

पहिल्या बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८० चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य आलं. शेत, घर, जातं, पोथरा, सगळं करता करता ओव्या रचायच्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा सोपानदेव, जो स्वतः नावाजलेला कवी होता, त्याच्याकडच्या वहीमुळे आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ही गोष्ट आपण कशी सांगतो? ‘बघा, खरी प्रतिभा असली की ती लपत नाही.’

मला हे पटत नाही. उलट मला ही गोष्ट फार भीतीदायक वाटते. जी गाणी सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ऐकता ऐकता उतरवून घेतली तेवढीच उरली. बाकीची जात्यावरच विरली. किती होती, कुणाला ठाऊक? आणि ज्या घरात मुलगा कवी नव्हता, लिहिणारा नव्हता, त्या घरातल्या बाईचं काय झालं असेल? तेव्हा खानदेशात काय एकच बाई दळताना गात होती? प्रतिभा लपत नाही हे खरं नाही, ती लपते. बहुतेक वेळा लपूनच मरते. बहिणाबाईंची वाचली ती जवळ कुणीतरी वही घेऊन बसलं होतं म्हणून. आणि मुलाने उतरवून घेतलं तरी आईच्या हयातीत पुस्तक निघालं नाही, हेही लक्षात ठेवा.

पण त्यांच्याकडून मी दुसरीही एक गोष्ट घेतली. त्या गात होत्या तेव्हा वही निघेल, अत्रे वाचतील, विद्यापीठ होईल असलं काही समोर नव्हतं. पहाटेचं दळण होतं. कुणी ऐको न ऐको, गाणं येत होतं म्हणून गात होत्या. म्हणजे करणं ही एक गोष्ट आणि ते टिकणं ही वेगळी गोष्ट. करायला कुणाची परवानगी लागत नाही. टिकायला मात्र शेजारी कुणीतरी लागतं. मी या दोन्हींची गल्लत करत होते. कुणी वा म्हणत नाही म्हणून करणंच सोडून दिलं होतं.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८, नाशिकजवळ जलालपूर. अकराव्या वर्षी लग्न. शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर नवऱ्याकडून. नवरा कोण, तर रेव्हरंड नारायण वामन टिळक, मोठे कवी. आता विचार करा, घरात एवढा मोठा कवी असताना आपण ओळ लिहायची म्हणजे काय! आमच्या ह्यांना साधी ठिपक्यांची रांगोळी येत नाही, तरी त्यांच्यासमोर चित्र काढताना माझा हात अवघडतो. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, काही वर्षं ताटातूट झाली, माहेरच्यांचे नि समाजाचे काय काय बोल ऐकले असतील. पुढे त्याही नवऱ्याकडे गेल्या. १९१९ मध्ये टिळक वारले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं, त्याचे पुढचे बरेचसे अध्याय या शाळा न पाहिलेल्या बाईने लिहिले. आणि मग मुलाच्या आग्रहावरून स्वतःच्या आठवणी लिहायला घेतल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या.

सहासष्ट! मी चौसष्टची आहे. हिशेब केला तेव्हा मला हसूच आलं.

‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. धर्म कुठला, पंथ कुठला ते सोडा. ती बाई जशी बोलते तशी लिहिते. तिने आधी व्याकरण शिकून, मग मोठ्या लेखकांची शैली आत्मसात करून, मग लिहू असं ठरवलं असतं तर आपल्या हाती काय पडलं असतं? कदाचित शंभर दुसऱ्या पुस्तकांसारखं एक पुस्तक. ते पुस्तक आज नव्वद वर्षांनीही वाचलं जातं, त्याची इंग्रजी भाषांतरं झाली, ती त्यातल्या घरगुतीपणासाठीच. सोवळं, स्वयंपाक, भांडणं, विसरभोळा नवरा, आला-गेला. सगळं घरातलंच.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की त्या मुलाने मला शिवी दिली नव्हती. मीच ती शिवी म्हणून घेतली.

अमेरिकेत एक मोझेस आजी होऊन गेल्या. शेतकऱ्याची बायको. आयुष्यभर लोणी काढलं, मुरंबे घातले, भरतकाम केलं. संधिवाताने सुई धरता येईना म्हणून पंचाहत्तरी उलटल्यावर ब्रश धरला. गावच्या जत्रेत त्यांनी आपले मुरंबे आणि चित्रं दोन्ही मांडली. बक्षीस कशाला मिळालं असेल? मुरंब्याला! चित्रांकडे कुणी पाहिलं नाही. पुढे १९३८ मध्ये एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत टांगलेली त्यांची चित्रं एका जाणकाराच्या नजरेला पडली, १९४० मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन भरलं. त्या प्रदर्शनाचं नावच होतं, ‘शेतकऱ्याच्या बायकोने काय रंगवलं’. १९६१ मध्ये १०१ वर्षांच्या होऊन गेल्या. मला यातलं न्यूयॉर्क तितकंसं आठवत नाही, मुरंब्याचं बक्षीस आठवतं. कारण मी ते पदोपदी अनुभवते. माझ्या पुरणपोळीला आमच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यापर्यंत कीर्ती आहे.

आणि पुरणपोळीचंच बोलायचं तर, लग्नानंतरची पहिली तीन वर्षं माझी पोळी फाटायची. पुरण बाहेर, तव्यावर डाग, सासूबाईंचा चेहरा असा. पण कुणी, अगदी सासूबाईसुद्धा, असं म्हणाल्या नाहीत की हिच्यात पोळीची प्रतिभा नाही, हिने सोडून द्यावं. सण आला की पुन्हा करायचीच होती, म्हणून पुन्हा केली. अशी करता करता एक दिवस ती फाटायची थांबली. मग चित्राचाच पहिला सिंह बिघडला की आपण लगेच ‘माझ्यात ते नाहीच’ या निर्णयावर का येतो? पोळी खायची असते, चित्राची कुणाला भूक नसते, असं आपण धरून चालतो. पण मला होती ना भूक. ती कुणाच्याच हिशेबात नव्हती, माझ्यासुद्धा.

आता एक कबुली देते. शंका किती चतुर असते पाहा. कापड माळ्यावर टाकायच्याही आधी, रंग आणायच्याच वेळी, मी सहा महिने एका कारणावर काढले होते. ते कारण ऐकून तुम्ही म्हणाल, वा, किती धर्मनिष्ठ. मला कळलं की पुष्कळ चांगले ब्रश प्राण्यांच्या केसांचे असतात. खारीचे, डुकराचे. काळ्या रंगात ‘आयव्हरी ब्लॅक’ म्हणून जो असतो तो हाडं जाळून केलेला असतो. काही जलरंगांत बैलाचं पित्त घालतात, काही कागदांना जिलेटिनची खळ असते, लालात एक रंग किड्यांपासून होतो. झालं! म्हटलं, आपल्या धर्मात बसतच नाही, विषय संपला. कुणी विचारलं की हेच सांगायची. ऐकणाऱ्याही मान डोलवायच्या.

खरं म्हणजे हा प्रश्न एका दुपारी सुटणारा होता आणि शेवटी तसाच सुटला. नायलॉनचे ब्रश सर्रास मिळतात. ॲक्रिलिक रंग आहेत. काळ्यासाठी ‘लॅम्प ब्लॅक’ घ्यायचा, ती निव्वळ काजळी असते, आजीच्या काजळासारखी. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगाचा क्रमांक असतो, हाडांच्या काळ्याचा ‘पीबीके ९’, काजळीच्या काळ्याचा ‘पीबीके ६’. आपण बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघतो तसं हे बघायचं. दुकानदाराला विचारायला लाजू नका, त्यालाही बहुधा माहीत नसतं. तर सांगायचं हे की अहिंसेचा विचार योग्यच होता, पण मी तो ब्रश शोधण्यासाठी केला नाही, ब्रश न धरण्यासाठी केला. सहा महिने धर्माच्या पदराआड लपून बसले.

त्या वर्षी दशलक्षण पर्वात उत्तम मार्दवाच्या दिवशी मान कषायावर प्रवचन ऐकत बसले होते. गर्व कसला, तर रूपाचा, कुळाचा, ज्ञानाचा, तपाचा, नेहमीचं. मी मनात म्हटलं, चला, हा दोष तरी आपल्यात नाही, आपण तर स्वतःला काहीच समजत नाही. आणि बसल्या जागी एकदम वाटलं, खरंच का? लोक हसतील म्हणून मी चित्र लपवते, तेव्हा मी कुणाची काळजी घेत असते? चित्राची? नाही. माझीच. ‘मी किती मोठी’ म्हणणारी बाई आणि ‘लोक मला काय म्हणतील’ म्हणून घाबरणारी बाई, दोघींचं तोंड एकाच आरशाकडे. ज्याला मी तीस-चाळीस वर्षं विनय समजत होते तो मान कषायच होता, फक्त डोक्यावर पदर घेतलेला.

हे माझं मत आहे, शास्त्रार्थ नाही, पंडितजींनी रागावू नये. तसंच सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं पहिलं निःशंकित हे जिनवचनाबद्दल आहे, चित्राबद्दल नाही, एवढं मलाही कळतं. पण त्या आठांतलं सहावं अंग स्थितिकरण, म्हणजे जो डगमगतो त्याला सावरून पुन्हा उभं करणं, ते आपण बायकांनी एकमेकींसाठी इथेही लावलं तर काय बिघडेल? आपल्या मंडळात एखादी चार ओळी वाचून दाखवते तेव्हा आपण काय करतो? ‘छान, छान’ म्हणतो आणि चहाकडे वळतो. किंवा तिच्या माघारी, ‘हिला बरा वेळ मिळतो बाई.’ हे वाक्य मी स्वतः बोलले आहे. कुणाबद्दल ते सांगत नाही.

वेळेचंच बघा. सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, ओटा पुसून होतो, त्यानंतर इतर घरांत कुकर लागत असतात तेव्हा आपण मोकळ्या असतो. तो वेळ जातो कुठे, याचा मी एक आठवडा वहीत जमाखर्च लिहिला. सिरियल आणि मोबाईल मिळून जो आकडा आला तो इथे देत नाही. आता मी त्यातली अठ्ठेचाळीस मिनिटं घेते, सामायिकाएवढी. सामायिक सकाळचं सकाळी असतंच, त्यातून काटलेली नाहीत.

शंका गेली का? नाही. पण आता मी तिच्यात फरक करते. हिशेब तपासनीस येतो तेव्हा तो सांगतो, अमुक पानावर अमुक व्हाउचर नाही. हे उपयोगी असतं, आपण जाऊन ते शोधतो. आणि एक शेजारीण असते जी नुसतं म्हणते, तुमच्या हिशेबात काहीतरी गडबड आहे हं. कुठे, ते सांगत नाही. मनात येणाऱ्या शंका अशाच दोन प्रकारच्या. ‘सिंहाचा मागचा पाय आखूड झालाय’ ही पहिली. तिचं मी ऐकते, पाय पुसून पुन्हा काढते. ‘तू कोण लागून गेलीस’ ही दुसरी. तिला उत्तर नाही, कारण तो चित्राबद्दलचा प्रश्नच नाही. तिला बाहेर बसवायचं आणि काम करायचं. रोज जमतं असं नाही.

नाव घालायची भीती तर मोठमोठ्यांना वाटलेली आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा त्यावर विभावरी शिरूरकर हे नाव होतं. खरं नाव लपवलेलं. केवढा गदारोळ झाला! लेखिका बाळूताई खरे, म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे पुष्कळ उशिरा उघड झालं. त्यांना कारण होतं, त्या आगीत हात घालत होत्या. मी तर हत्ती नि कमळं काढते, मी कशाला भ्यावं? आणि आपल्याच पश्चिम रेल्वेच्या लाइनवर पार टोकाला, डहाणूकडे, वारली बायका पिढ्यानपिढ्या लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत आल्या. त्यांना कुणी चित्रकार म्हटलं नाही, त्यांनीही स्वतःला म्हटलं नाही. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी तीच कला कागदावर आणली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण आहेच. पण मी एखादं वारली चित्र पाहते तेव्हा मला त्या सुवासिनी आठवतात, लग्न झालं की भिंत पुन्हा सारवून टाकणाऱ्या.

श्रवणबेळगोळला २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही गेलो होतो. तिथे बाहुबलींसमोर गुल्लकायज्जीची मूर्ती आहे, तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिली असेल. कथा ठाऊकच आहे, चामुंडरायाने घडेच्या घडे दूध ओतलं तरी ते खाली पोहोचेना, आणि एका म्हातारीच्या इवल्याशा फळाच्या वाटीतलं दूध पायापर्यंत गेलं. ही कथा चामुंडरायाच्या गर्वाबद्दल सांगतात. मी या वेळी म्हातारीकडेच बघत राहिले. एवढ्या कलशांच्या गर्दीत ती आपली वाटी घेऊन डोंगर चढलीच कशी? लाज नाही वाटली? मग आठवलं, कथेत ती साक्षात कूष्मांडिनी यक्षी होती. तिला कसली शंका येणार! शंका आपल्याला.

असो. कापड माळ्यावरून काढलं आहे. घडीच्या जागी रंग थोडा तडकला होता, तो दुरुस्त केला. सिंह पुन्हा काढला, नातवाने आता त्याला ‘मोठी माऊ’ केलंय. समुद्र, सिंहासन, विमान, नागभवन, रत्नराशी झाली. हे कापड कुठल्या स्टेजसाठी नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर लागणार आहे, आणि कोपऱ्यात नाव घालणार आहे. येत्या रविवारी दुपारी चारला ज्यांना जमेल त्यांनी या. येताना डाळीच्या डब्याखालचं, ट्रंकेतलं, जे काय असेल ते आणा. वाचा, दाखवा, गा. खायला मुरमुऱ्यांचा चिवडा आहे. मी वही घेऊन बसणार आहे, कुणी गायलं तर उतरवून घेईन.

एकच स्वप्न राहिलं होतं, सोळावं. निर्धूम अग्नी. धूर नसलेली आग काढायची कशी, हे काही सुचेना. होळीचे फोटो पाहिले, यज्ञाचे पाहिले, सगळीकडे धूर. लाल-पिवळं करून तीन वेळा पुसलं. काल सकाळी प्यायचं पाणी उकळायला ठेवलं आणि बघत उभी राहिले. खाली शेगडीवर गोल, निळी, कडेला जराशी पांढरी, अजिबात धूर नसलेली. रोज दिवसातून चार वेळा मीच ती पेटवते. निळा रंग मात्र समुद्रात संपून गेला होता. आज संध्याकाळी स्टेशनकडे जाते, तेव्हा नवी ट्यूब आणायची आहे.